फळीवरचा चौकोन

आमच्या शाळेच्या मैदानावरची रिंग गावातल्याच वेल्डरने केलेली आहे. सळई वाकवून अठरा इंच व्यासाचं कडं, मागे दोन लोखंडी पट्ट्या आणि प्लायवूडची फळी. खांब जुन्या बोअरच्या केसिंग पाइपचा. उंची मात्र मी टेप लावून बरोबर दहा फूट घेतली. रिंग साधी असली तरी भागतं. उंची चुकली की लेकरांच्या हाताला खोटी सवय लागते आणि ती पुढे सुटता सुटत नाही. शेवटी फळीवर चुन्याने चौकोन काढला. चोवीस इंच रुंद, अठरा इंच उंच.

हे गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. इथल्या पोरांना कबड्डी शिकवावी लागत नाही. खो-खो आणि व्हॉलीबॉल त्यांच्या पायाखालचे खेळ. बास्केटबॉल नवा. रिंग उभी राहिली त्या दिवशी आठवीतली एक मुलगी बराच वेळ वर बघत उभी होती. मग म्हणाली, "सर, बॉल टाकायचा खालच्या कड्यात, मग हा चौकोन कशाला?"

तिला उत्तर देता देता मी अमेरिकन बास्केटबॉलपटू टिम डंकनचं नाव घेतलं. घरी आल्यावर वाटलं, या माणसाबद्दल आपल्याजवळ किती साठलं आहे ते एकदा वहीत उतरवावं. जसं आठवेल तसं लिहितो आहे.

*

फळी मुळात खेळाडूंसाठी लावलेलीच नव्हती. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात पोरांना घरात खेळता यावं म्हणून हा खेळ बसवला. व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवर. पुढे गॅलरीत बसलेले प्रेक्षक हात घालून बॉल अडवायला, ढकलायला लागले. त्यांचा हात पोचू नये म्हणून टोपलीमागे आडोसा आला. तोच आडोसा म्हणजे आजची फळी.

प्रेक्षकांना लांब ठेवायला आलेली वस्तू आणि एका माणसाने तिचं हत्यार केलं. शंभर वर्षं ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच होती.

*

तो शॉट नीट पाहिला पाहिजे. डाव्या बाजूला, रिंगपासून दहा-बारा फुटांवर, साधारण पंचेचाळीस अंशांच्या कोनात डंकन उभा. पाठीमागून कोणी बॉल दिला की तो लगेच फेकत नसे. आधी रिंगकडे तोंड करायचा. बॉल दोन्ही हातांत, छातीच्या जरा वर. एक पाय पुढे टाकून समोरच्याला हुलकावणी द्यायचा. तो अर्धं पाऊल मागे सरकला की हा जागच्या जागी वर उठायचा. उडी फार नाही, वीतभर. बॉल चौकोनाच्या वरच्या, जवळच्या कोपऱ्याला लागायचा आणि तिथून जाळीत उतरायचा. आवाज दोन: आधी फळीचा 'ठप्', मग जाळीची सळसळ.

त्याच्या पिढीतले बहुतेक जण हा शॉट जुनाट समजत. पोरांना तर थेट जाळीत गेलेलाच बॉल आवडतो. २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या अभियंत्यांनी संगणकावर दहा लाख फेकी टाकून पाहिल्या. मैदानावरच्या काही जागांवरून फळीला लावून मारलेली फेक थेट फेकीपेक्षा वीस टक्क्यांपर्यंत जास्त यशस्वी ठरते, असं त्यांना दिसलं. डंकनला हे संगणकाच्या कितीतरी आधी हाताने कळलेलं होतं.

मुलीला मी एवढंच सांगितलं: कड्याकडे बघू नको, कोपऱ्याकडे बघ. कडं आपलं काम करील.

*

पॉवर फॉरवर्ड म्हणजे संघातला चार नंबर. एक नंबर बॉल घेऊन येतो, दोन नंबर लांबून मारतो, तीन नंबर धावतो, पाच नंबर सगळ्यात उंच. चार नंबराने रिंगजवळच्या गर्दीत उभं राहायचं, चुकलेले शॉट गोळा करायचे म्हणजे रिबाउंड घ्यायचे, साथीदाराला वाट मोकळी करून द्यायला समोरच्याच्या आड उभं राहायचं, धक्के खायचे.

आमच्या पोरांना हे कबड्डीतून लगेच कळतं. चढाईवाल्याचा पाय कॉर्नर धरतो, आरोळी त्याच्या नावाची उठते. पण त्याच क्षणी कव्हर अंगावर पडला नाही तर चढाईवाला पाय सोडवून रेषेला हात लावून जातो. चार नंबर म्हणजे तो कव्हर. त्याने काम केलं नाही तरच लोकांना तो दिसतो.

*

मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते २००५ च्या जूनमध्ये. बी.पी.एड. चालू होतं, वसतिगृहात एक टीव्ही होता. सॅन अँटोनियो स्पर्स आणि डेट्रॉइट पिस्टन्स यांची अंतिम लढत सात सामन्यांपर्यंत गेली. दोन्ही संघ बचावात कडवे. गुण कमी, धक्काबुक्की फार. पहिल्या सामन्याला खोलीत पंधराजण होते, सातव्याला तिघं उरलो.

त्या सातव्या सामन्यात सुरुवातीला डंकनचे शॉट लागत नव्हते. माझी नजर त्याच्या चेहऱ्यावर होती, कारण शॉट चुकल्यावर माझा स्वतःचा चेहरा कसा व्हायचा ते मला माहीत होतं. त्याचा चेहरा हलला नाही. डोळे मोठे करून तो फक्त परत आपल्या जागेवर जाऊन उभा राहायचा आणि पुन्हा बॉल मागायचा. स्पर्सने ८१-७४ ने सामना जिंकला. त्याचे २५ गुण, ११ रिबाउंड. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, तिसऱ्यांदा.

मित्र म्हणाले, यात बघण्यासारखं काय होतं? मला तेव्हा सांगता आलं नाही. आज सांगतो. पुन्हा बॉल मागणं, ते बघण्यासारखं होतं.

*

सेंट क्रॉय. कॅरिबियन समुद्रातलं लहानसं बेट, अमेरिकेच्या ताब्यातल्या व्हर्जिन बेटांपैकी एक. तिथे २५ एप्रिल १९७६ ला डंकनचा जन्म झाला. वडील विल्यम गवंडी, आई आयोनी सुईण. घरात पोहण्याचं वेड. मोठी बहीण ट्रिशा १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये पोहली होती. टिमलाही तेच व्हायचं होतं. चारशे मीटर फ्रीस्टाइल हा त्याचा हातखंडा.

सप्टेंबर १९८९ मध्ये ह्युगो चक्रीवादळ आलं आणि बेटावरचा ऑलिंपिक मापाचा एकुलता एक तलाव मोडून टाकला. प्रशिक्षक मुलांना समुद्रात पोहायला नेऊ लागले. टिमला शार्कची भीती वाटायची, मन उडालं. त्यातच आईला स्तनाचा कर्करोग. त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ती गेली. त्यानंतर तो शर्यतीसाठी पाण्यात उतरलाच नाही.

बास्केटबॉल त्याने नववीत असताना हाती घेतला. बहिणीच्या नवऱ्याने शिकवला. म्हणजे आमच्या शाळेतली पोरं ज्या वयात रिंगखाली पहिल्यांदा उभी राहतात, त्याच वयात तोही उभा राहिला. हे मी वर्गात मुद्दाम सांगतो. "सर, आता उशीर झाला" असं म्हणणारं एक लेकरू दर वर्षी असतंच.

*

आईला त्याने शब्द दिला होता की पदवी पुरी करीन. वेक फॉरेस्ट विद्यापीठात दोन वर्षं झाली तेव्हाच व्यावसायिक संघ त्याच्यासाठी तयार होते. तिसऱ्या वर्षानंतर तर पहिल्या क्रमांकावर निवड होईल असं सगळेच बोलत होते. तो चारही वर्षं राहिला, मानसशास्त्राची पदवी घेतली आणि मग १९९७ मध्ये स्पर्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं.

पदवीच्या काळात आपल्या प्राध्यापकांबरोबर त्याने एका पुस्तकातल्या प्रकरणाचं सहलेखन केलं. विषय: बढाईखोर, शिष्ट आणि स्वतःवरच भाळलेल्या माणसांबद्दल इतरांना काय वाटतं. १९९७ मध्ये ते छापून आलं. पुढे एकोणीस वर्षं हा माणूस कॅमेऱ्यासमोर छाती ठोकताना दिसला नाही. अभ्यास माणसात इतका मुरलेला मी क्वचित पाहिला आहे.

*

रिबाउंड शिकवताना मी बॉल हातात देतच नाही. दोन-दोन पोरं रिंगखाली उभी करतो आणि सांगतो, आधी माणूस शोध, त्याला पाठ लाव, गुडघे वाकव, बूड खाली ठेव, आणि मग वर बघ. बहुतेकजण बॉल उडाला की वर बघतात, आणि तेवढ्यात मागचा पुढे घुसतो.

डंकनच्या नावावर १५,०९१ रिबाउंड आहेत. त्यातल्या प्रत्येक वेळी त्याने आधी कोणाला तरी पाठ लावलेली आहे. ती पाठ आकडेवारीत कुठे लिहिलेली नसते.

*

ब्लॉकचंही तसंच. समोरच्याचा शॉट अडवताना बाकीचे उंच खेळाडू बॉल पाचव्या-सहाव्या रांगेत भिरकावतात. प्रेक्षक उभे राहतात, टीव्हीवर तेच चार वेळा दाखवतात. पण बॉल बाहेर गेला की पुन्हा त्याच संघाला मिळतो. डंकन हात सरळ वर नेऊन बॉल नुसता थोपवायचा, तो मैदानातच राहायचा आणि बहुतेक वेळा स्पर्सच्याच कोणाच्या हाती पडायचा. ३,०२० ब्लॉक. किती हल्ले तिथूनच उलटे सुरू झाले असतील!

आमची पोरं ब्लॉक केला की ओरडतात, आणि ओरडेपर्यंत बॉल गेलेला असतो.

*

परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. त्याच वर्षी २५ जूनला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्पर्सने पहिलं अजिंक्यपद घेतलं, ७८-७७. डंकनचं ते दुसरंच वर्ष. शेजारी डेव्हिड रॉबिन्सन, नौदल अकादमीतून आलेला ज्येष्ठ खेळाडू, ज्याने आपल्या संघातलं पहिलं स्थान या पोरासाठी स्वतःहून सोडलं. मोठ्याने जागा करून दिली नसती तर धाकट्याचं पुढचं काहीच झालं नसतं. डंकनने पुढे टोनी पार्कर, मनू जिनोबिली आणि शेवटी कवाय लेनर्डला तशीच जागा करून दिली. २०१४ च्या अंतिम फेरीत सर्वोत्तम खेळाडू बावीस वर्षांचा लेनर्ड ठरला.

*

१५ जून २००३. न्यू जर्सी नेट्सविरुद्ध अंतिम फेरीचा सहावा सामना. डंकनचे २१ गुण, २० रिबाउंड, १० असिस्ट, ८ ब्लॉक. आणखी दोन ब्लॉक मिळाले असते तर चारही रकान्यांत दोन आकडे झाले असते. अंतिम फेरीत ते कोणीच केलेलं नाही. रॉबिन्सनचा तो शेवटचा सामना, तेही दुसऱ्या अजिंक्यपदासह. मी या सामन्याचं चित्रण वर्गाला दोनदा दाखवलं. दुसऱ्या वेळी सांगितलं, बॉल सोडून फक्त २१ नंबरच्या डंकनच्या पायांकडे बघा. बॉल दुसऱ्या टोकाला असतानाही ते पाय कुठे निघालेत ते बघा.

*

नागपाडा. बास्केटबॉलचं नाव काढलं की मुंबईतला जुना माणूस आधी नागपाड्याचं नाव घेतो. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात तिथे नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केलं. दाट वस्ती, लहान खोल्या, गिरण्यांची आणि गोदीची कामं. पोरांना खेळायला जागा हवी म्हणून तिथे खेळ आले. त्याच वास्तूत १९३६ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी टाटांची संस्था सुरू झाली, तीच आजची टिस.

या नागपाड्याने भारताला कितीतरी खेळाडू दिले. सगळ्यात मोठं नाव गुलाम अब्बास मुंतसिर. भारताचा कर्णधार, १९७० चा अर्जुन पुरस्कार. गल्लीत वाढलेला खेळाडू देशाचा कर्णधार होतो, तेही ज्या खेळात पोटाला पैसा नाही अशा खेळात. त्या काळात आपल्याकडे बास्केटबॉलवर जगायचं म्हणजे रेल्वेत, पोलिसात किंवा बँकेत खेळाडू म्हणून नोकरी धरायची. १९७५ च्या आशियाई स्पर्धेत चौथा आलेला आणि १९८० ला मॉस्को ऑलिंपिकला गेलेला भारत याच नोकरदार खेळाडूंच्या पायावर उभा होता. ऑलिंपिकला भारताचा बास्केटबॉल संघ त्यानंतर गेलेला नाही.

डंकनबद्दल लिहिताना मुंतसिर मध्येच आठवले ते उगाच नाही. अमेरिकेत असा खेळाडू तयार झाला की त्याला कवेत घ्यायला शाळा, विद्यापीठ, संघ, पगार, सगळं उभं असतं. आपल्याकडे खेळाडू आधी तयार होतो, आणि व्यवस्था नंतर येते किंवा येतच नाही. २०१५ ते २०१७ अशी दोनेक वर्षं एक व्यावसायिक लीग चालली, युनायटेड बास्केटबॉल अलायन्स. मुंबई चॅलेंजर्स, पुणे पेशवाज असे संघही होते. ती टिकली नाही. माझ्या मैदानावरची पोरगी उद्या कितीही चांगली झाली तरी तिला मी कुठे पाठवू, हा प्रश्न मला रात्री जागवतो.

*

आता २०१३ बद्दल. हे लिहायचं मी टाळत होतो.

मायामी हीटविरुद्ध अंतिम फेरी. स्पर्स ३-२ ने पुढे. सहाव्या सामन्यात डंकनने पूर्वार्धातच २५ गुण केले, एकूण ३०, वर १७ रिबाउंड. सदतीस वर्षांचा माणूस. शेवटच्या अर्ध्या मिनिटाला स्पर्स पाच गुणांनी पुढे होते. करंडक देण्यासाठी मैदानाभोवती पिवळी दोरीही लावायला घेतली होती. शेवटच्या क्षणी, आघाडी तीन गुणांवर आलेली असताना, प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी डंकनला बाकावर बसवलं, लांबून मारणाऱ्यांवर धावून जायला चपळ माणूस हवा म्हणून. मायामीचा शॉट चुकला, रिबाउंड क्रिस बॉशने घेतला, बॉल रे ॲलनकडे गेला आणि ५.२ सेकंद राहिलेले असताना त्याने तीन गुणांचा शॉट मारून बरोबरी केली. ज्याने आयुष्यभर रिबाउंड गोळा केले तो त्या एका रिबाउंडच्या वेळी बाकावर होता. जादा वेळेत तो सामना मायामीने जिंकला.

सातवा सामना. शेवटचं एक मिनिट बाकी, मायामी दोन गुणांनी पुढे, ९०-८८. डंकनला बॉल मिळाला, समोर त्याच्यापेक्षा बुटका शेन बॅटिए. डंकन वळला, रिंगजवळून उजव्या हाताचा छोटा हुक मारला. असे शॉट त्याने आयुष्यात हजारो मारले असतील, डोळे मिटून. तो चुकला. परत आलेला बॉल त्याने हाताने ढकलला, तोही बाहेर. मागे पळत जाऊन बचावासाठी तो खाली वाकला आणि दोन्ही तळहात त्याने फरशीवर आपटले.

माझ्या पाहण्यात एवढंच एकदा त्याने आतलं बाहेर येऊ दिलं. सामना ९५-८८ असा गेला. नंतर पत्रकारांसमोर बसून त्याने सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. आवाज बसलेला, नजर खाली, पण कोणाला बोल लावला नाही, प्रशिक्षकालाही नाही.

मी तेव्हा नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत होतो. आमच्या मुलींचा खो-खोचा संघ एका स्पर्धेत शेवटच्या मिनिटाला हरला होता. एका लेकीचा हात खांबाला लागला नव्हता. मी तिला सगळ्यांसमोर बोललो. सामना संपल्यावर ती पोरगी बराच वेळ बूट सोडत बसली होती. डंकनचे ते तळहात पाहिल्यावर मला ती आठवली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याशी बोलायला मी तिच्या घरी गेलो. तिची माय म्हणाली, "बसा सर, चहा घ्या." लेक बाहेर आली नाही. मीही आग्रह केला नाही. पुढच्या हंगामात ती पुन्हा खेळायला आली.

*

मग २०१४. आपल्याकडे सामने भल्या सकाळी लागायचे. त्या वर्षी पाऊस लांबला, पुढे तर मराठवाड्यात दुष्काळच पडला. जूनमध्ये पेरणीच्या तयारीत बसलेलं गाव रोज आकाशाकडे बघायचं.

पहिल्या सामन्यात सॅन अँटोनियोच्या बंदिस्त मैदानातलं एसी यंत्र बिघडलं. आत पारा बत्तीस अंशांवर. अमेरिकेत हाहाकार, लोक हातातल्या कागदांनी वारा घेत होते. बत्तीस म्हणजे आमच्याकडे जूनमध्ये गार म्हणायचं, तरी हजारोंच्या गर्दीत धावणाऱ्यांचा जीव जाणारच. मायामीच्या लेब्रॉन जेम्सच्या पायात गोळे आले, त्याला उचलून न्यावं लागलं. अडतीस वर्षांचा डंकन मात्र खेळत राहिला: दहा शॉटपैकी नऊ लागले, २१ गुण, १० रिबाउंड. बेटावरच्या उन्हात वाढलेलं शरीर.

मालिका पाच सामन्यांत संपली. पाच सामन्यांत मिळून स्पर्स ७० गुणांनी वरचढ. एवढ्या फरकाने अंतिम फेरी कोणी जिंकलेली नव्हती. बॉल एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा पळायचा की समोरच्यांना बघायला वेळ नसे. संघात फ्रान्सचा पार्कर, अर्जेंटिनाचा जिनोबिली, ब्राझीलचा, ऑस्ट्रेलियाचा, इटलीचा खेळाडू. मधोमध डंकन. पाचवं अजिंक्यपद: १९९९, २००३, २००५, २००७, २०१४.

एक वर्षापूर्वी हुकलेला तो हुक त्याने पुन्हा मारला का, असं मुलं विचारतात. मारला. बरेच मारले.

*

पैशाबद्दल थोडं. २००० मध्ये ऑर्लँडो मॅजिकने त्याला बोलावलं होतं, जाण्याच्या अगदी बेतात होता, गेला नाही. २०१२ मध्ये त्याने आधीच्या निम्म्याहून कमी पगारावर करार केला, म्हणजे उरलेल्या पैशांत संघाला बाकीचे चांगले खेळाडू ठेवता यावेत. २०१४ चं अजिंक्यपद त्या कराराशिवाय झालं नसतं असं मला वाटतं.

*

शकील ओ'नीलने त्याला 'बिग फंडामेंटल' हे नाव दिलं. मराठीत काय म्हणावं? मी पोरांना 'बाराखडी' सांगतो. काना, मात्रा, वेलांटी चुकली नाही की शब्द आपोआप बरोबर येतो.

*

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या वरळीत एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे दोन सामने झाले, भारतात पहिल्यांदाच. इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. किंग्जचे मालक विवेक रणदिवे, मुंबईत जन्मलेले. पहिला सामना खास शाळकरी मुलांसाठी होता. हजारो लेकरं आरडाओरडा करत बसली होती. सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्स एका गुणाने जिंकले, १३२-१३१. आमच्या पोरांनी तो मोबाइलवर पाहिला.

त्याआधी २०१५ ला पंजाबमधल्या बल्लो के या खेड्यातल्या सतनाम सिंगला डॅलसने निवडलं होतं, भारतातून निवडला गेलेला पहिला खेळाडू. सात फुटांच्या वर उंची. आमच्यातल्या एकाने विचारलं, "सर, आपल्याकडे एवढा उंच कोण आहे?" कोणी नाही. म्हणून तर मी डंकन शिकवतो. उंची सोडली तर त्याच्याजवळ असं काहीही नव्हतं जे इथे शिकता येत नाही. उडी लागत नाही, लाकडी फरशी लागत नाही. पाठ लावणं, कोन धरणं, हात सरळ वर नेणं, जागेवर वेळेत पोचणं, चुकल्यावर पुन्हा बॉल मागणं. हवेत उडणाऱ्यांची नक्कल करायला गेलेली पोरं पाय मुरगळून घरी जातात. त्याची नक्कल पाच फुटी पोरगीही करू शकते. मोठ्या खेळाडूच्या मागे काय उरलं हे मी यावरून ठरवतो.

*

डंकन थांबला त्याच २०१६ च्या हंगामात दुसरा मोठा खेळाडू कोबी ब्रायंट निवृत्त झाला, गावोगाव निरोप घेत, शेवटच्या सामन्यात ६० गुण मारत. त्यालाही ते शोभलं. डंकनची निवृत्ती ११ जुलैला संघाच्या एका निवेदनाने कळली. ना पत्रकार परिषद, ना भाषण. दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर पॉपोविच आले ते डंकनचं चित्र असलेला टी-शर्ट घालून, आणि त्यांना बोलवेना.

एकोणीस हंगाम, एकच संघ. १,३९२ सामने, २६,४९६ गुण. नियमित हंगामातले १,००१ विजय एकाच संघाच्या अंगरख्यात. एकोणीसही वर्षं संघ बादफेरीत.

*

हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश २०२० च्या तुकडीत झाला. सोहळा कोरोनामुळे १५ मे २०२१ ला. कोबी आणि केव्हिन गार्नेट हे खेळाडू त्याच्याबरोबर. कोबी त्याआधीच हेलिकॉप्टर अपघातात गेला होता. मंचावर डंकनसोबत डेव्हिड रॉबिन्सन उभा होता.

आमच्याकडे तेव्हा दुसरी लाट होती. रोज कोणाच्या तरी घरून वाईट बातमी यायची. शाळा बंद. मी भाषण मोबाइलवर पाहिलं आणि सकाळी चालत मैदानावर गेलो. मैदान रिकामं बघून कोणीतरी तिथे उकडलेली हळद वाळत घातली होती. रिंगच्या खांबापासून पार कुंपणापर्यंत पिवळंधम्मक. मला ओरडावंसं वाटलं नाही. कडेकडेने फिरून परत आलो.

*

सामना सुरू होण्याआधी तो बॉल दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा राहायचा, डोळे मिटल्यासारखे करून, लेकरू कडेवर घ्यावं तसा. आमची ती मुलगी, जिने चौकोनाबद्दल विचारलं होतं, आता दहावीत आहे. तिने हे कुठे पाहिलं मला माहीत नाही, मी दाखवलेलं नाही. फ्री थ्रोच्या आधी तीही बॉल तसाच धरते.

*

दिवाळीआधी सोयाबीनची सुगी उरकली की फळीवर पुन्हा चुना लावतो. यंदा शिडी लावून वर चढलो. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर चुना शाबूत होता, पावसाने जरासा फिकटला एवढंच. डावा वरचा कोपरा मात्र गेलेला. चुना नाही, खालचा रंगही नाही. प्लायवूडचा वरचा पापुद्रा उडून आतलं लाकूड दिसत होतं, तळहाताएवढं.

तेवढ्या जागेवर मी चुना लावला नाही.